सात समुद्रांपलीकडचा सौदा आणि आपल्या घरचा वकील

वकील म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर काळा कोट, कोर्टाचा जिना आणि पुढची तारीख उभी राहते. जागेचा तंटा, भाडेकरूचा दावा, परत गेलेला चेक, एवढ्यापुरता आपल्याला वकील ठाऊक असतो आणि त्याची गरज पडू नये अशीच दुआ आपण करतो. परंतु वकिलीचा आणखी एक प्रकार आहे. हा वकील कोर्टात क्वचित दिसतो. भांडण झाल्यावर नव्हे, तर सौदा ठरत असताना त्याचे काम सुरू होते. एका देशाचा व्यापारी दुसऱ्या देशाच्या व्यापाऱ्याला माल विकतो, तेथे एजंट नेमतो, भागीदारी करतो किंवा कारखाना घालतो, त्या व्यवहाराचा कागद बांधणारा हा माणूस. त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारी व्यवहारांचा वकील म्हणतात. आपल्या मुला-मुलींनी या पेशाचा विचार का करावा आणि आपण स्वतः अशा वकिलाकडे केव्हा जावे, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

कागदाची मागची बाजू

ही गरज आम्हाला पुस्तकातून कळली नाही. २०११ साली आम्ही आखातातील एका खरेदीदाराला सुती कापडाचा माल पाठविला. बिल अकरा लाखांचे होते. ऑर्डरचा कागद इंग्रजीत होता. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. पुढच्या बाजूवरील मीटर, पन्ना, भाव आणि तारीख आम्ही नीट तपासून घेतली आणि सही केली. मागच्या बाजूला मुंगीसारख्या अक्षरांत अटी छापलेल्या होत्या, त्या वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तरी समजल्या नसत्या.

माल पोहोचला आणि पंधरवड्याने निरोप आला की ताक्यांच्या शेडमध्ये फरक आहे, बिलातून तिसरा हिस्सा कमी करा. आमच्याकडे नमुना होता, तपासणीचा दाखला होता. आम्ही रागारागाने मुंबईच्या एका वकिलाकडे गेलो. त्यांनी आमची कैफियत ऐकण्याआधी ऑर्डरचा कागद मागितला आणि तो उलटा करून वाचला. मग म्हणाले, "शेठ, तपासणी खरेदीदाराच्या गोदामात होईल आणि तीच अखेरची, हे आपण कबूल केले आहे. तंटा झाल्यास इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लंडनमध्ये लवाद बसेल, हेही कबूल केले आहे. तेथे जाण्याचा खर्च आपल्या मालाच्या किमतीहून जास्त होईल."

आम्ही साडेतीन लाख रुपये सोडून दिले. वर रक्कम कमी का आली, याचा खुलासा बँकेला लेखी द्यावा लागला. खरेदीदाराने फसविले असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? सही आमचीच होती. त्या वकिलांची फी फारच थोडी होती. तीच फी सही करण्यापूर्वी दिली असती तर ती दोन ओळी बदलण्याच्या कामी आली असती. या पेशाचे सारे महत्त्व एवढ्याच हकिकतीत आहे.

आपल्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक होते

हे काम आपल्या समाजाला नवीन नाही. खंबायतच्या तय्यबजी या व्यापारी घराण्यातील कमरुद्दीन तय्यबजी हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. पुढे ते त्याच कोर्टात न्यायमूर्ती झाले आणि १८८७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षही झाले. व्यापाऱ्याच्या घरातून कायद्याकडे जाणारी वाट अशी दीडशे वर्षांहून जुनी आहे.

दुसरे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण व्यापाऱ्याच्या नजरेने आपण ते पाहत नाही. १८९३ साली मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेला गेले ते कोणाच्या कामासाठी? पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांच्या दादा अब्दुल्ला आणि कंपनी या पेढीच्या. या पेढीचा प्रिटोरियाच्या तय्यब शेठ यांच्यावर सुमारे चाळीस हजार पौंडांचा दावा होता. तय्यब शेठ नात्यातलेच होते. पेढीकडे मोठमोठे गोरे वकील होते. अडचण एवढीच की वह्या आणि पत्रव्यवहार गुजरातीत, आणि वकिलांना समजे फक्त इंग्रजी. दोन्ही बाजू जाणणारा माणूस पेढीला हवा होता. गांधींना एका वर्षासाठी १०५ पौंड आणि पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे ठरले.

गांधींना तेव्हा जमाखर्च येत नव्हता. प्रॉमिसरी नोट म्हणजे काय, हेही त्यांना शोधून पाहावे लागले. त्यांनी पुस्तक आणून हिशेब शिकून घेतला आणि पेढीचे सारे कागद वाचून काढले. दोन्ही शेठ खटल्याच्या खर्चाने बुडतील हे ओळखून त्यांनी मामला लवादाकडे नेला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. तय्यब शेठ यांनी सुमारे सदतीस हजार पौंड आणि खर्च द्यावा असे ठरले. एकरकमी दिले असते तर त्यांचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधींनी दादा अब्दुल्लांचे मन वळवून लांबच्या मुदतीचे हप्ते बांधून दिले. कोणाचीही अब्रू गेली नाही. हिशेब समजणारा, दोन भाषा जाणणारा, कज्जा मिटविणारा, असा हा वकील होता. आजही या पेशाला हेच तीन गुण लागतात.

हा वकील नेमके काय करतो?

पहिले काम, कोणत्या देशाचा कायदा लागू होईल ते ठरविणे. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८० साली व्हिएन्ना येथे एक करार झाला. अमेरिका, चीन यांच्यासह नव्वदहून अधिक देश त्यात आहेत. भारत त्यात नाही, ब्रिटनही नाही. त्यामुळे आपल्या करारात कायद्याचे नाव स्पष्ट नसेल, तर आधी कोणता कायदा यावरच वाद माजतो आणि मूळ वाद बाजूला राहतो.

दुसरे काम, तंटा कोठे आणि कसा सुटेल हे लिहून ठेवणे. परदेशी कोर्टाचा हुकूमनामा दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली सरकारने जे देश जाहीर केले आहेत, त्यांच्याच वरिष्ठ कोर्टांचे हुकूमनामे येथे थेट बजावता येतात. ब्रिटन आणि सिंगापूर त्या यादीत पूर्वीपासून आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा समावेश जानेवारी २०२० मध्ये झाला. अमेरिका त्यात नाही. तेथील हुकूमनामा घेऊन येणाऱ्यास येथे नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे एकशे सत्तरहून अधिक देशांत बजावता येतो. भारत त्यात आहे आणि आपला १९९६ चा लवाद कायदा त्याला धरूनच आहे. म्हणून लवादाची अट घालणे शहाणपणाचे, पण लवाद कोठे बसणार ते पाहिले पाहिजे. २०१६ पासून मुंबईतही आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्र सुरू आहे. लहान मालासाठी लंडन किंवा सिंगापूर कबूल करण्याची गरज नसते.

तिसरे काम, मालाची जोखीम कोणाकडे, हे निश्चित करणे. एफओबी, सीआयएफ हे शब्द आपण रोज लिहितो. ते पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ पासून प्रसिद्ध केलेल्या नियमांतले आहेत. २०२० च्या आवृत्तीत असे अकरा प्रकार आहेत. सीआयएफमध्ये भाडे आणि विमा विकणाराच भरतो, म्हणून वाटेत माल बुडाला तर नुकसानही त्याचेच, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. या शब्दांची किंमत ऑगस्ट २०२५ मध्ये अनेकांना कळली. अमेरिकेने तेव्हा भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली. ज्यांचा सौदा एफओबीचा होता, त्यांच्या खरेदीदारास जकात भरावी लागणार होती. ज्यांनी डीडीपी, म्हणजे जकातीसह घरपोच, असे लिहून दिले होते, त्यांच्या गळ्यात ती जकात आली. तीन अक्षरांचा फरक, पण त्यात साऱ्या वर्षाचा नफा जाऊ शकतो.

चौथे काम, पैसा. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे पैसे हातात आले, असे आपण समजतो. बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. २००७ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे कागद तपासण्यास बँकेला कामकाजाच्या पाच दिवसांची मुदत असते, आणि नावात, तारखेत, वर्णनात फरक आढळला तर ती पैसे नाकारू शकते. दुसरीकडे निर्यातीचे पैसे ठराविक मुदतीत भारतात आणण्याचे बंधन परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्याने आपल्यावर घातले आहे. म्हणजे परदेशातील उधारी बुडाली की ती विसरून जाण्याचीही सोय नाही. बँक विचारणारच. हा वकील कराराचा आणि या कायद्याचा मेळ आधीच घालून देतो.

पाचवे काम, नाव आणि कसब यांचे रक्षण. हे कारागीर बांधवांनी खास लक्षात घ्यावे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखविल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. टीका झाली तेव्हा कंपनीने मूळ भारतीय कारागिरीचे असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले होते. पण ते भारताच्या कायद्याखालचे आहे. परदेशात त्याचा थेट अंमल होत नाही. तेथे वेगळी नोंद करावी लागते किंवा वेगळा करार करावा लागतो. अशा वेळी मोर्चापेक्षा मसुदा अधिक उपयोगी पडतो, आणि तो लिहिणारा माणूस कारागिरांच्या बाजूने बसलेला असावा लागतो.

शरीअतची अट आणि लंडनचा निकाल

आपल्यापैकी अनेकांना व्याजाविना व्यवहार करावासा वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु नुसती सदिच्छा कागदावर लिहून भागत नाही. बहरीनची शामिल बँक आणि बांगलादेशातील बेक्सिमको समूह यांच्यात मुराबहा पद्धतीचे करार झाले होते. त्यांत असे कलम होते की शरीअतच्या तत्त्वांना अधीन राहून या कराराला इंग्लंडचा कायदा लागू होईल. पैसे थकले आणि मामला इंग्लंडच्या कोर्टात गेला. हे व्यवहार खऱ्या अर्थाने शरीअतप्रमाणे नव्हतेच, ते आडून व्याजाचे कर्ज होते, असा बचाव देणेकऱ्यांनी केला. २००४ साली तेथील अपील कोर्टाने निकाल दिला की कराराला एखाद्या देशाचाच कायदा लागू होऊ शकतो. शरीअतचा असा मोघम उल्लेख बंधनकारक ठरत नाही. बँक जिंकली.

यातून बोध काय? शरीअत पाळावयाची असेल तर ती मोघम शब्दांत नव्हे, कलमाकलमाने लिहावी लागते. नफा कसा मोजावा, उशीर झाला तर काय, माल कोणाच्या मालकीचा केव्हा होतो, हे सर्व स्पष्ट शब्दांत हवे. हे काम फिकहचे जाणकार आणि वकील दोघांनी मिळून करण्याचे आहे. दोन्हीची ओळख असलेली माणसे फार थोडी आहेत. मदरशातून अरबी शिकलेल्या हुशार मुलाने पुढे पदवी आणि कायदा केला, तर आखाताच्या व्यवहारात त्याची भाषा ही मोठी पुंजी ठरेल.

वाट कशी आहे?

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करावा लागतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांपैकी पहिले बंगळूर येथे १९८७ साली सुरू झाले. आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. त्यांचा प्रवेश क्लॅट या परीक्षेतून होतो. दोन तासांत १२० प्रश्न, आणि बहुतेक सर्व उतारे वाचून उत्तर देण्याचे. पाठांतराचा तेथे उपयोग नाही, इंग्रजी वाचनाची सवय हवी. मुंबईचे १८५५ सालचे सरकारी विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस आणि राज्यातील इतर महाविद्यालये यांच्यासाठी राज्याची वेगळी सीईटी असते. सरकारी महाविद्यालयाची फी विद्यापीठांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. गरीब घरच्या मुलांनी तेथून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. सनदेसाठी पूर्वी हजारो रुपये घेतले जात. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की १९६१ च्या कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही रक्कम १२५ रुपये आहे.

पुढे ज्यांना परदेशी कायदाही शिकावयाचा आहे, त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटरची नवी परीक्षा आहे. ती परदेशी पदवीधरांनाही देता येते, मात्र त्यांना सॉलिसिटर होण्यासाठी परीक्षेखेरीज दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. न्यूयॉर्कच्या परीक्षेसाठी आपल्याकडील पुष्कळांना तेथील एक वर्षाचे एलएल.एम. करावे लागते. हा खर्च मोठा असतो. घर गहाण टाकून पहिल्याच वर्षी परदेशी पाठविण्याची घाई करू नये. आधी येथे दोन-तीन वर्षे काम करावे, मग शिष्यवृत्ती पाहावी.

कामाच्या जागा कोणत्या? मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म, कंपन्यांचे व बँकांचे कायदा विभाग, जहाज आणि विमा कंपन्या, लवाद केंद्रे. परदेशी वकिलांना भारतात कार्यालय थाटता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ठरविले होते. नंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२३ मध्ये आणि सुधारून मे २०२५ मध्ये नियम केले. त्यांप्रमाणे परस्पर सवलतीच्या तत्त्वावर परदेशी कायद्याचा सल्ला आणि आंतरराष्ट्रीय लवाद एवढ्यापुरते दार किलकिले झाले आहे. कोर्टातील वकिली मात्र भारतीय वकिलांकडेच आहे.

खरे ते सांगितले पाहिजे. मोठ्या फर्ममध्ये पगार चांगला, पण जागा थोड्या आणि रात्री बारापर्यंत बसावे लागते. लहान कार्यालयात पहिली दोन वर्षे मिळणारे पैसे रेल्वेच्या पासात आणि जेवणातच जातात. मामा-काका वकील असलेल्यांना ओळखी असतात, आपल्या मुलांना नसतात. पण आपल्या मुलांजवळ एक गोष्ट असते, जी विद्यापीठात शिकवत नाहीत. ज्या मुलाने बापाच्या गाळ्यात ताके मोजले, शेडवरून झालेली हुज्जत ऐकली, उधारीची वही पाहिली, त्याला करारातील प्रत्येक कलमामागचा माणूस दिसतो. मुलींनाही हे काम उत्तम आहे. ते कागदाचे आणि अक्कलहुशारीचे काम आहे, आणि बारकाईने वाचण्यात आमच्या घरच्या मुली मुलांपेक्षा पुढेच आहेत.

आजपासून काय करावे?

व्यापारी बांधवांनी एवढे तरी करावे. परदेशी ऑर्डरची मागची बाजू सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावी. तपासणी कोठे, कायदा कोणता, लवाद कोठे, जकात कोणाची, पैसे कोणत्या तारखेला, हे पाच प्रश्न कागदावर लिहून खरेदीदारास विचारावेत. लहान व्यापाऱ्यास एकट्याने वकील परवडत नसेल तर मार्केटच्या दहा-पंधरा जणांनी किंवा संघटनेने मिळून एक वकील ठरवावा आणि एक नमुना करार करून घ्यावा. आपल्या मशीद-मोहल्ल्यातील शिक्षण समित्या डॉक्टर-इंजिनियरसाठी शिष्यवृत्त्या देतात. दरवर्षी एक शिष्यवृत्ती कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी ठेवावी, आणि सुट्टीत त्या विद्यार्थ्यास आपल्या पेढीवर बसवून खरे कागद दाखवावेत.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे मुलांना विचारून पाहा. ती सूरह बकराची २८२ वी आयत आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार हा आहे. मुदत ठरवून व्यवहार करा तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा त्यातील आदेश आहे. आम्ही ती आयत लहानपणापासून पढत आलो. तिचा अर्थ आम्हाला साडेतीन लाख गमावल्यावर कळला. आपल्या घरात इन्साफाने लिहिणारा एक तरी जाणकार तयार झाला, तर पुढच्या पिढीला तो इतका महाग पडणार नाही.